वहिनींचे चौकोन आणि बाबांची थंडी

आमच्या घरात खरं बोलण्याचा मक्ता वहिनींकडे आहे. बाकीचे आम्ही सोयीप्रमाणे बोलतो. माझं रंगाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने विचारलं, 'डब्यातला रंग भिंतीवर असाच दिसेल ना?' की मी 'अगदी असाच' म्हणतो आणि भिंत बघायला काही जात नाही. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दंतवैद्यांसाठी दातांचे साचे करतो. दिवसभर लोकांचे दात पाहून त्याने स्वतःचं तोंड जवळपास बंदच करून टाकलं आहे. आईला खोटं बोलावं लागत नाही, ती नुसती 'नाही' म्हणते. आणि बाबांनी आयुष्यभर बस चालवली. बस चालवणाऱ्याच्या गोष्टीत चार मैल जास्तीचे असायचेच.

अशा घरात दादाची बायको म्हणून वहिनी आल्या. त्या हवामान कचेरीत काम करतात. बाहेर निघताना मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, छत्री घेऊ का?" त्या म्हणाल्या, "शक्यता दहात चार." मी म्हटलं, "हो की नाही ते सांगा." त्या म्हणाल्या, "भाऊजी, हो किंवा नाही हवं असेल तर आईंना विचारा." आईने आतूनच 'नाही' म्हटलं. मी छत्री न घेता गेलो आणि भिजून आलो. तेव्हापासून या बाईशी जपून बोलायचं असं मी ठरवलं, पण माझं ठरवणं ते किती टिकणार.

कचेरीत त्या लागल्या त्या टंकलेखिका म्हणून. जुन्या कागदांवरचे तापमानाचे आकडे संगणकात भरायचे, एवढंच काम. आकडे भरता भरता बाईंना त्यांची गोडी लागली. भरलेल्या आकड्यांचं पुढे काय होतं हे त्या साहेबांना विचारायला लागल्या, आणि साहेबांना उत्तर देण्यापेक्षा काम देणं सोपं वाटलं. पण काम एवढं मोठं की नेहमीचा तक्त्यांचा प्रोग्राम अर्ध्यात मान टाकायचा. मग चाळिशी उलटल्यावर वहिनी पायथन शिकायला बसल्या. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर लॅपटॉप यायचा.

"काय शिकतेस गं हे?" आईने विचारलं.

"पायथन."

पायथन म्हणजे अजगर, ही माहिती आईला मी पुरवली. झालं, तेव्हापासून आमच्या घरात 'वहिनी अजगर घेऊन बसल्यात' असंच म्हणतात. सुरुवातीला तो अजगर त्यांना फार छळायचा. जरा काही चुकलं की पडदाभर लाल ओळी यायच्या. आई मागे उभी राहून बघायची.

"एवढ्या शिव्या देतो तर कशाला त्याच्या नादी लागतेस?"

"शेवटची ओळ तेवढी वाचायची, आई. वरचा सगळा नुसता त्रागा असतो. मुद्दा असतो तो अगदी शेवटी."

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांसारखं," आई म्हणाली आणि तिला पायथनबद्दल पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

वहिनी नेमकं करतात काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या फरशीवर समजावलं. आमच्या स्वयंपाकघराला एका टोकाला फ्रिज आहे आणि दुसऱ्या टोकाला मागचं दार. जमिनीवर चौकोनी फरश्या.

"ही सगळी जमीन म्हणजे आपला प्रांत समजा," वहिनी म्हणाल्या. "फ्रिजकडे उत्तर, म्हणजे ते तापणारं मैदान. मागच्या दाराकडे दक्षिण, तिकडे डोंगर. आपलं गाव दारापासून दुसऱ्या ओळीत, या इथे. आता प्रत्येक फरशीवर एक आकडा लिहायचा, त्या दिवशी तिथं किती तापलं त्याचा. ही झाली एका दिवसाची जमीन. दुसऱ्या दिवशीची जमीन हिच्यावर ठेवायची, तिसऱ्या दिवशीची तिच्यावर. अशी वर्षानुवर्षांची चळत माझ्याकडे आहे."

"आणि पुसायची कोणी?" आईने विचारलं.

वहिनींनी ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "पुसावी लागतेच आई. कुठे आकडा गळालेला असतो, कुठे एकक वेगळं असतं. निम्मं काम झाडण्यापुसण्याचंच." त्या दिवसापासून आईला सुनेच्या नोकरीबद्दल आदर वाटू लागला.

या चौकोनांमुळे शेजारीपाजारी मात्र भलतीच नाराजी पसरली. वहिनींचा एक चौकोन एवढा मोठा, की त्यात आमचं अख्खं गाव, पलीकडचं तळं आणि सिमेंटचा कारखाना सगळं बसतं. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा मोठ्या आशेने आल्या होत्या. समोरच्या इमारतीपेक्षा आपल्याकडे हवा जास्त थंड असते, असं त्यांना वहिनींकडून वदवून घ्यायचं होतं. दोन्ही इमारती एकाच चौकोनात आहेत आणि त्यांचा आकडा एकच आहे, हे ऐकून काकूंचा चेहरा पडला. समोरच्यांच्या बरोबरीला बसवलं म्हणून त्यांनी महिनाभर अबोला धरला होता.

माझा आणि त्या चौकोनांचा संबंध आला तो रंगांमुळे. आकड्यांना रंग दिले की त्यांचा नकाशा होतो. सुरुवातीचे नकाशे वहिनींनी सात रंगांत काढले होते. ते पाहून माझं डोकं फिरलं. पिवळा आरडाओरडा करत होता, हिरवा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो त्याचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, हे हवामान आहे की जत्रेतला पाळणा?" दुसरी कोणी असती तर रागावली असती. वहिनी दुसऱ्याच दिवशी दुकानात आल्या आणि शेडकार्डं पसरून बसल्या. त्यांना हवं होतं असं काहीतरी, ज्यात मधला पांढरा म्हणजे नेहमीसारखं, एका बाजूला पायरीपायरीने गडद होणारा निळा म्हणजे नेहमीपेक्षा थंड, आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पायऱ्यांनी तांबडा. दोघांनी मिळून छटा ठरवल्या. एक पायरी मोठी, एक छोटी असं चालणार नाही, डोळ्याला फसवायचं नाही, असं त्या सारखं बजावत होत्या. माझ्या दुकानात झालेला तो एकमेव प्रामाणिक व्यवहार असावा.

आणि त्यांचा एक नियम होता, तो आम्हाला सगळ्यांना पाठ झाला होता: आधी चित्र, मग आकडा. कचेरीत नव्याने लागलेली मंडळी दोन ओळी लिहून आकडा घेऊन धावत यायची, की या त्यांना परत पाठवायच्या. आधी पूर्ण नकाशा काढा, डोळ्यांनी बघा, डोंगर जागेवर आहेत का, तळं जागेवर आहे का, आणि मग एका चौकोनाबद्दल तोंड उघडा. फोनवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की दादासुद्धा एकदा झोपेत 'आधी चित्र' म्हणाला, असं वहिनीच सांगतात.

आता बाबांचं सांगतो.

बाबा विसरायला लागले होते. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. चहा घेऊन झाल्यावर चहा कधी मिळणार म्हणून विचारायचे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने चालायचंच, फार काळजी करू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावर काळजी कुणाची थांबते? पण बाबा स्वतः खंबीर होते. रोज सकाळी चालत बस डेपोत जायचे, तिथे जुन्या ड्रायव्हरांबरोबर चहा प्यायचे, सगळ्या जगाला नावं ठेवायचे आणि जेवायला परत यायचे. आणि जुन्या गोष्टी त्यांना बारीकसारीक तपशिलासकट आठवायच्या, किंवा निदान तसं ते म्हणायचे.

त्यातली एक गोष्ट दरवर्षी दादाच्या वाढदिवसाला व्हायची. दादा भर उन्हाळ्यातला. आणि बाबांचं म्हणणं, दादा जन्मला त्या दिवशी गावात अशी थंडी पडली होती की बस चालवताना हात स्टिअरिंगवर राहीनात. त्यांचे गरम कपडे कुठे ठेवलेत ते फक्त आईला ठाऊक, आणि आई तर दवाखान्यात. मग ते दुपारच्या फेरीला आईचा फुलाफुलांच्या बटणांचा स्वेटर घालून निघाले आणि अख्खी बस हसली.

"नाही," आई म्हणायची. "तो कुठला तरी हिवाळा. माझा स्वेटर घरातून हललासुद्धा नव्हता."

हा खेळ वर्षानुवर्षं चालला होता आणि आम्हाला त्यात मजा वाटायची. यंदा मात्र आईने 'नाही' म्हटलं आणि बाबा हसले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"सूनबाई, तुझ्याकडे सगळे दिवस आहेत ना?"

"आहेत, बाबा. त्या वर्षाचेसुद्धा आहेत."

"मग बघ. आत्ता बघ. हे सगळे मला सांभाळून घेतात ते मला दिसतं गं. मी काहीही म्हटलं तरी माना डोलावतात. ही एक गोष्ट मला पक्की आठवते. ती खरी निघाली तर डोकं अजून शिल्लक आहे असं समजेन. नाहीतर मग कशावर विश्वास ठेवायचा?"

वहिनींनी हात धुतले, ताटांच्या गर्दीतच लॅपटॉप उघडला, त्या वर्षाची फाईल घेतली, तारीख टाकली, गावाचा चौकोन टाकला. बाबा टेबलाची कड धरून बसले होते.

"सदतीस," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. "दुपारी सदतीस अंश होतं, बाबा."

"बघा," आई म्हणाली.

"सदतीस," बाबा म्हणाले. "बरं." आणि हात धुवायला उठून गेले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते शहाण्यासारखे वागायला लागले. काही सांगायला सुरुवात करायचे आणि मध्येच 'जाऊ दे, तसं नसेलही' म्हणून थांबायचे. डेपोत जाणं बंद केलं. मी म्हटलं, "अहो बाबा, चाळीस वर्षांचा रस्ता आहे." तर म्हणाले, "ओळखीचा आहे असं वाटतं खरं. पण माझ्या वाटण्यावर काय जायचं?" आई मुद्दाम काहीतरी उलटसुलट बोलायची, की निदान वाद तरी घालतील. बाबा म्हणायचे, "असेल, तू म्हणतेस तसंच असेल." आईच्या हातून त्या आठवड्यात दोन कपबश्या फुटल्या.

मला राहवेना. मी वहिनींना बाल्कनीत गाठलं आणि स्पष्टच सांगितलं, "आकडा बदला. तिथे सदतीसच्या जागी सतरा करायला तुम्हाला कितीसा वेळ लागेल? त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना कळणार नाही म्हणून तर नाही बदलणार," वहिनी म्हणाल्या.

"एका म्हाताऱ्या माणसाच्या सुखापेक्षा तुमचा चौकोन मोठा आहे का?"

"भाऊजी, तुम्हाला वाटतं मला झोप लागते? पण त्यांनी मला खरं काय ते विचारलंय. या घरात सगळे त्यांच्यापुढे माना डोलावतात, ते त्यांना कळतं. मीही मान डोलावली तर उद्या त्यांचं काही खरंच बरोबर निघालं तर ते सांगायला उरणार कोण?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी रागावलो. माझी ही जुनीच पद्धत आहे. त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि जेवायच्या वेळी दादामार्फत मीठ मागायला लागलो. दादा बिचारा मीठ इकडून तिकडे देत राहिला.

मग आला रविवार. दुपारी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या कप्प्याला रंगाचा हात देत होतो आणि वहिनी भाजी चिरत होत्या. अर्थात आम्ही बोलत नव्हतो. आई आली. तिच्या हातात एक जुना पिवळसर स्वेटर होता. तो तिने वहिनींपुढे टेबलावर ठेवला.

"वरचं बटण बघ."

सगळी बटणं फुलाफुलांची होती आणि वरचं एक साधं पांढरं.

"बाळाला घेऊन मी घरी आले तेव्हा ते तुटलेलं होतं," आई म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी हा धुऊन घडी करून ठेवला होता. सगळी बटणं जागेवर होती. मी घातला नाही, मग तोडलं कोणी?"

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "आई, दवाखान्यात त्या दिवशी उकडत होतं का?"

"कसलं उकडतंय. नर्सने बाळाला दोन पांघरुणं घातली होती. खिडकी लावून घ्या म्हणून मी ओरडत होते."

मी खुर्चीवरूनच म्हणालो, "मग आई, इतकी वर्षं नाही कशाला म्हणत होतीस?"

"राग आला होता मला. मी तिकडे कळा देतेय आणि हे माझा नवाकोरा स्वेटर घालून गावभर फिरतायत. एकदा नाही म्हटलं ते म्हटलं. मग दरवर्षी म्हणत गेले. ते भांडायचे, मला बरं वाटायचं." तिने डोळ्याला पदर लावला. "आता मी हो म्हटलं तर त्यांना वाटेल कीव करतेय. माझ्या हो म्हणण्याला आता काही किंमत नाही उरली. तुझ्या यंत्राचं ऐकतील. परत एकदा बघ, पोरी."

वहिनींनी चिरलेली भाजी तशीच सोडली आणि लॅपटॉप आणला. मी ब्रश डब्यात टाकून त्यांच्या मागे उभा राहिलो. बोलत नसलो म्हणून काय झालं, बघायला काय हरकत? या खेपेला त्यांनी नुसता आकडा नाही मागितला. पूर्ण प्रांताचा नकाशा काढला. पडद्यावर रंग उमटले. त्यात एक आडवा गार पट्टा होता, गडद निळा, अगदी वरच्या कडेला.

वहिनी बघतच राहिल्या.

"भाऊजी, आपले डोंगर कुठे आहेत?"

अबोला असा अचानक मोडल्यावर माणूस गोंधळतोच. मी म्हणालो, "कुठे म्हणजे? दक्षिणेला. मागच्या दाराकडे."

"आणि या नकाशात?"

वर म्हणजे उत्तर, एवढा भूगोल मलाही येतो. डोंगर उत्तरेला जाऊन बसले होते. "अहो वहिनी, डोंगर हलले की," मी म्हणालो.

वहिनींनी कपाळाला हात लावला. मग फाईलच्या पोटात शिरल्या आणि दोन मिनिटांत काय ते कळलं. नव्या वर्षांच्या फाईली त्यांच्या कचेरीतल्या, त्यांत चौकोनांच्या ओळी उत्तरेकडून खाली मोजत येतात. जुन्या वर्षांच्या फाईली दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेने केलेल्या, त्यांत ओळी दक्षिणेकडून वर जातात. वहिनींनी सवयीप्रमाणे शेवटून दुसरी ओळ उचलली होती. यंत्राला काय, सांगितलेली ओळ त्याने मुकाट दिली. एकही लाल ओळ आली नाही. आमच्या गावाचं म्हणून त्यांनी दूर मैदानातल्या कुठल्या तरी गावाचं तापमान वाचून दाखवलं होतं.

"सगळ्या कचेरीला सांगते, आधी चित्र, मग आकडा," वहिनी म्हणाल्या. "आणि घरच्या माणसाने विचारलं तेव्हा ताटांच्या गर्दीत एक आकडा फेकला. आपल्या गावात सदतीस कधी होतं का हो? एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही." त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला नीट कळलं नाही. मला विचाराल तर दोन्ही.

"दिव्याखाली अंधार," मी म्हणालो. इतक्या दिवसांनी बोलायला मिळालं होतं, ती संधी मी सोडणार नव्हतो.

त्यांनी ओळी सरळ केल्या. डोंगर गुपचूप खाली जाऊन बसले. मग त्या दिवशीचं तापमान नेहमीपेक्षा किती वेगळं होतं, त्याचा नकाशा काढला. त्यासाठी आधी बाकीच्या वर्षांतल्या त्याच दिवसांची सरासरी काढावी लागते, ती काढली, आणि आम्ही दुकानात ठरवलेले रंग दिले. मैदान जवळपास पांढरं राहिलं. आणि खाली डोंगरांच्या पायथ्याशी, बरोबर आमच्या गावावर, एक निळा डाग होता. तो इतका गडद होता की तसला रंग माझ्या दुकानातून फक्त गोदामांच्या दारांसाठी जातो.

"बाबांना बोलवा," वहिनी म्हणाल्या.

बाबा आले ते दारातच उभे राहिले. "काय केलं मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काही नाही, बाबा. मी केलंय. जरा इथे उभे राहा." वहिनींनी त्यांना हाताला धरून मागच्या दारापासून दुसऱ्या ओळीतल्या फरशीवर उभं केलं. "हे आपलं गाव. त्या दिवशीची थंडी बघायची तर मला इथे यायला हवं होतं. मी दाराकडून मोजायचं ते तिकडून मोजलं." त्या स्वतः फ्रिजपाशी गेल्या, त्या टोकापासून दुसऱ्या फरशीवर उभ्या राहिल्या. "आणि इथे येऊन बघत बसले, की छे, इथे तर ऊन आहे. इथे होतं सदतीस. तुम्ही उभे आहात तिथे दुपारी अठरा होतं. डोंगरावरून ढग खाली उतरले असणार. भर उन्हाळ्यात गावात अठरा, बाबा. एवढ्या वर्षांत त्या तारखेच्या आसपास इतका गार दिवस दुसरा नाही."

बाबांनी आपल्या पायाखालच्या फरशीकडे पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं.

"म्हणजे तू चुकलीस."

"हो, मी चुकले."

"मी नाही."

"तुम्ही नाही. बसमध्ये किती होतं ते मात्र मला सांगता येणार नाही, हा आकडा सगळ्या चौकोनाचा मिळून आहे."

"बसमध्ये आणखी कमी होतं," बाबा म्हणाले. "काच फुटलेली होती माझ्या बाजूची." आणि ते खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, सांगायला लाज कसली. दादा दारात येऊन उभा होता. त्याने पुढे होऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चक्क बोलला. म्हणाला, "मी आणली वाटतं थंडी."

मग बाबांचं लक्ष टेबलावरच्या स्वेटरकडे गेलं. त्यांनी तो उचलून वरचं बटण चाचपलं.

"हे तुम्ही तोडलंत," आई म्हणाली.

"मी? मी तर हा स्वेटर घातलाच नव्हता. तूच सांगतेस दरवर्षी."

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला 'नाही' म्हणायचं होतं, पण नाही म्हटलं तरी पंचाईत आणि हो म्हटलं तरी पंचाईत. बाबा असे हसले की वरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. मग आईने बटण नेमकं कसं तुटलं याची चौकशी सुरू केली, बाबांनी दोष कंडक्टरवर ढकलला, आणि दोघांची छानपैकी जुंपली. वहिनींना मध्ये ओढायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या भाजीकडे वळून म्हणाल्या, "बटणांच्या नोंदी आमच्या कचेरीत ठेवत नाहीत."

त्या दिवशी रात्री जेवताना मी वहिनींकडे सरळ मीठ मागितलं. त्यांनी दादाकडे दिलं आणि दादाने माझ्याकडे. एवढी शिक्षा ठीकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा लवकर तयार झाले. वहिनींनी छापून दिलेला नकाशा त्यांनी घडी करून खिशात ठेवला, डेपोतल्या मंडळींना दाखवायला. दारापर्यंत गेले आणि खिसे चाचपत परत आले. आम्ही सगळे टेबलाशी बसून बघत होतो. बाबा सरळ फ्रिजपाशी गेले, दार उघडलं, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि निघाले.

आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती तशीच उभी होती. रस्ता जिथे डेपोकडे वळतो तिथपर्यंत आमच्या खिडकीतून दिसतं.

"वळले," ती म्हणाली. "बरोबर वळले."